शेनिन ब्लांकला पेरूचा वास आला नाही? आधी दुकानाची फळी आठवा

तुम्ही लिहिलंय की मालवणात सवलतीत मिळालेली नाशिकची शेनिन ब्लांक (त्याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन) उघडली तर पेरू-अननस राहिले बाजूला, कापून ठेवलेल्या सफरचंदासारखा शिळा वास आला आणि रंगही पिवळट-तपकिरी दिसला. मग हे द्राक्षच भिकार का? अजिबात नाही. अशाच सवलतीत घेतलेल्या माझ्या सहाच्या सहा बाटल्या वाया गेल्यात, म्हणून सविस्तर लिहितो. बूच कसं काढायचं वगैरे तुम्हाला येतच असणार.

तो वास द्राक्षाचा नाही, उन्हाचा. फळांचा वास देणारी एस्टर नावाची संयुगं उष्णतेनं मोडतात, आणि हवा लागली की अल्कोहोलचं अॅसिटाल्डिहाइड होतं. शिळ्या सफरचंदाचा वास त्याचाच. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यात पश्चिमेकडच्या शटरमागे, वरच्या फळीवर उभी ठेवलेली बाटली रोज दुपारी तापते आणि रात्री निवते. आतली वाईन फुगते, आकसते आणि बुचाच्या कडेनं हवा आत ओढते. म्हणून घेताना मानेवरून बोट फिरवा. बूच काठाच्या तांदळाभर वर आलं असेल किंवा वेष्टणाखाली चिकट ओघळ असेल, तर बाटली परत फळीवर ठेवा. फिरकीचं झाकण असेल तर ही खूण सहसा मिळत नाही, तिथे रंगच बघायचा: फिकट गवती हवा.

माझ्या दुकानदारानं (नाव घेत नाही) बदलून तर दिल्या नाहीतच, वर "वाईन जितकी जुनी तितकी चांगली" असं ऐकवलं. याचा मला अजून राग येतो, कारण या अर्धसत्यावर शिळा माल खपतो. फ्रान्सच्या लुआर खोऱ्यातली वूव्रेची उत्तम शेनिन दशकं टिकते हे खरं, पण ती तिथल्या कडक आंबटपणावर आणि थंड तळघरांत. नाशिकची साधी शेनिन ताजी पिण्यासाठीच करतात. द्राक्षवेलींची गोडी छाटणी (फळ धरण्यासाठीची) सप्टेंबर-ऑक्टोबरात, तोडणी साधारण जानेवारी ते मार्च. लेबलवर तोडणीचं वर्ष बघा. दोन वर्षांपलीकडची, तीही सवलतीत, मी तरी घेणार नाही.

घरी कौलांखालचा माळा नको, तिथे सगळ्यात जास्त तापतं. फ्रिजचा भाजीचा कप्पा उत्तम. वीज गेली तर बादलीत बर्फ, पाणी आणि मूठभर मीठ घालून बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत गार होते. नुसत्या बर्फानं होत नाही, पाणी हवंच. ८ ते १० अंशांना प्या. फ्रिजमधून थेट ओतलीत तर वास दबलेला असतो, म्हणून ग्लास तिसरा हिस्साच भरा आणि दहा मिनिटं थांबा. आधी लिंबाची साल, मग पेरू, शेवटी किंचित मध असा क्रम लागतो. उघडलेली बाटली फ्रिजमध्ये तीन दिवस, फार तर चार.

जेवणाबद्दल माझं मत, पटलं तर घ्या. किंचित गोडसर शेनिन तिखटाला सावरून घेते, त्यामुळे रव्यातली सुरमई किंवा ओल्या खोबऱ्यातल्या सुक्या तिसऱ्या (शिंपले) यांच्याबरोबर छान लागते. तिरफळ घातलेल्या बांगड्याबरोबर मात्र नको. तिरफळानं जीभ बधिर झाली की वास कितीही चांगला असो, चव कळत नाही. सोलकढी जेवण संपल्यावर घ्या. कोकमाच्या आंबटापुढे वाईन पाणचट लागते.

आणि ती बिघडलेली बाटली ओतून टाकू नका. व्हिनेगरसारखी आंबली नसेल तर अर्धी वाटी तापल्या भांड्यात घाला, वर तिसऱ्या टाका आणि झाकण ठेवा. शिंपले उघडेपर्यंत तो शिळा वास बराचसा उडून जातो.