'लिव्हरी' घातलेल्या माणसाला मराठीत काय म्हणायचं?

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे. त्या एका इंग्रजी कादंबरीचा अनुवाद करताहेत आणि तिच्यात पानोपानी 'लिव्हरीड फुटमन', म्हणजे मालकाने दिलेल्या खास पोशाखातला घरचा नोकर, भेटतो. त्यांनी 'गणवेशधारी नोकर' असं लिहिलं, तर संपादक म्हणाले, हा शाळेत निघाल्यासारखा वाटतो. मग दुसरा शब्द कोणता?

संपादकांचा कान बरोबर आहे, पण अडचण शाळेची नाही. गणवेश म्हणजे गणाचा वेश. पोलीस असोत, परिचारिका असोत, सगळे एका गटातले म्हणून एकसारखे दिसतात. लिव्हरीला गट लागत नाही. घरात एकच गडी असला तरी त्याच्या अंगावरची ती लिव्हरीच. मालकाच्या कुलचिन्हातले रंग, बटणांवर घराण्याची मुद्रा. हा माणूस कोणाचा, एवढंच तो कोट सांगतो.

शब्दाच्या मुळातही तेच आहे. जुन्या फ्रेंचमध्ये त्याचा अर्थ 'दिलेलं, हवाली केलेलं'. आपण रोज म्हणतो ती 'डिलिव्हरी' याच घरातली. मध्ययुगात सरदार पदरच्या माणसांना शिधा, कापडचोपड आणि त्यांच्या घोड्यांना दाणावैरण द्यायचा, ती सगळी लिव्हरी. पैसे घेऊन दुसऱ्यांचे घोडे सांभाळणाऱ्या तबेल्याला इंग्रजीत अजून 'लिव्हरी स्टेबल' म्हणतात ते म्हणूनच. आपण 'अन्नवस्त्रावर ठेवलेला माणूस' म्हणतो ना, त्यातलं अन्न पुढे गळालं आणि वस्त्र तेवढं शब्दाला चिकटून राहिलं. आता तर विमानांच्या रंगरंगोटीलाही लिव्हरी म्हणतात.

जाता जाता एक गंमत. धन्याने कपडे द्यायचे ही रीत आपल्या दरबारांतही होती, पण त्याचं नाव 'शिरपाव'. मूळ फारसी 'सर-ओ-पा', म्हणजे डोक्यापासून पायापर्यंत. मराठीने त्यातून शिर आणि पाव असे सोयीचे तुकडे ऐकले. सरदाराला मिळाले तर तो मान, गड्याला मिळाले तर ती ओळखपट्टी. कपडे दोन्हीकडे धन्याचेच!

आता फुटमन. हा मुळात गाडीबरोबर पायी धावणारा माणूस. नंतर तो गाडीच्या मागच्या फळीवर चढला, मग घरात आला, दारं उघडू लागला, जेवणाच्या टेबलाशी उभा राहू लागला. उंचापुरा हवा, जमल्यास दोघे सारख्या उंचीचे हवेत, केसांना पावडर हवी. 1777 मध्ये ब्रिटिश सरकारने अमेरिकेतल्या युद्धाच्या खर्चासाठी पुरुष नोकरांवर माणशी वर्षाला एक गिनी कर बसवला. तेव्हा असा माणूस दारात उभा करणं ही सोय कमी आणि ऐट जास्त होती.

'पायी' या अर्थाकडे नीट पाहिलं तर फुटमनची भावंडं आपल्या ओळखीची निघतात. फारसी 'प्यादा' म्हणजे पायी चालणारा. पोर्तुगीजांकडून आलेला 'प्यून' म्हणजे पायदळातला माणूस. संस्कृत 'पदाति'ही तोच. शब्दशः भाषांतर करायचं तर फुटमन म्हणजे प्यादा. पण आजचा वाचक प्यादं म्हटलं की बुद्धिबळाचा पट मांडून बसतो, आणि प्यून म्हटलं की त्याला फाइली दिसतात. म्हणून दोन्ही बाद.

जुन्या वाड्यांतले शब्द? 'खिदमतगार' कामाला सगळ्यात जवळचा, कारण साहेबांच्या बंगल्यांत टेबलावर वाढणाऱ्यालाच खिदमतगार म्हणत. पण त्या शब्दाबरोबर हिंदुस्थान येतो, आणि तुमची कादंबरी इंग्लंडात घडते. 'हुजऱ्या' तर नकोच. हुजुरासमोर हजर असणारा हा त्याचा साधा अर्थ 'हुजरेगिरी'ने कधीच नासवला. वाचक त्या बिचाऱ्याला लाळघोट्या समजेल. 'चोपदार'ही नको. 'चोब' म्हणजे काठी. वारीत तो दंड उंचावतो आणि हजारो टाळ थांबतात. एवढा अधिकार फुटमनच्या सात पिढ्यांत कोणाला मिळालेला नाही.

या शब्दांत एक गोष्ट लक्षात येते. मराठी अशा माणसाला सहसा त्याच्या कपड्यांवरून ओळखत नाही. त्याच्या हातात काय आहे किंवा तो कुठे उभा आहे, त्यावरून ओळखते. चोपदार, भालदार, मशालजी, आबदार, दरवान. लिव्हरीच्या जवळ जाणारा एकच सापडतो: 'पट्टेवाला'. मुंबई इलाख्यातल्या कचेऱ्यांतल्या शिपायाच्या अंगावर पट्टा आणि त्यावर पितळी बिल्ला असे. उत्तरेकडचा 'चपराशी'ही 'चपरास' म्हणजे बिल्ला, त्यावरूनच आला. असा एक बिल्ला माझ्या टेबलावर पेपरवेट म्हणून आहे. त्यावर कचेरीचं नाव आहे आणि खाली एक आकडा. माणसाचं नाव नाही. इंग्रजी हवेल्यांतही फुटमन बदलला तरी हाक तीच राही, जॉन नाहीतर जेम्स. आईबापांनी ठेवलेलं नाव फाटकाबाहेर. लिव्हरी म्हणजे काय, हे मला कोशापेक्षा त्या बिल्ल्याने जास्त सांगितलं.

तर ताई, एका शब्दाचा हट्ट सोडा. पहिल्यांदा तो भेटेल तिथे 'घराण्याच्या पोशाखातला नोकर' लिहा आणि रंग, बटणं दाखवून टाका. पुढे 'फुटमन' तसाच ठेवला तरी चालेल. बटलर चालतो तर फुटमनने काय घोडं मारलंय? फक्त 'पोशाखी नोकर' असं आखडू नका. पोशाखी म्हणजे नुसता मिरवणारा, बिनकामाचा. अर्थात काही फुटमनांना तो शब्द अगदी फिट बसेल, तो भाग वेगळा.

कादंबरीत कुठे हॉटेल आलं, तर तिथल्या नोकरांसाठी मात्र 'गणवेश' खुशाल वापरा. तिथे मालक दिसत नाही, संस्था दिसते. सगळे एका गणाचेच. दारातल्याला 'दरवान' छान आहे, सामान नेणाऱ्याला बेलबॉयच म्हणा. इंग्रज मात्र अशा पोऱ्याला त्याच्या जाकिटावरच्या बटणांच्या रांगेवरून चक्क 'बटन्स' म्हणत.

आणि हो, तुम्ही पाठवलेल्या उताऱ्यात बटलरलाही लिव्हरी चढवली आहे. मूळ इंग्रजी एकदा पाहा. बटलर आणि मालकाचा खासगी नोकर, म्हणजे व्हॅले, हे वरच्या पायरीवरचे. ते लिव्हरी घालत नसत, काळा कोट घालत. बटलरला घराण्याच्या रंगाचा झगमगीत कोट घातलात तर त्या कादंबरीतला बटलर दुसऱ्या दिवशी राजीनामा देईल.