गुन्हेगारीशास्त्रातला सर्वांत प्रभावी विचारवंत कोण? लोंब्रोसोला 'जनक' म्हणतात ते बरोबर आहे का?

प्रभावी म्हणाल तर लोंब्रोसोच. थोर म्हणाल तर अजिबात नाही.

गुन्हेगार जन्मतःच तसा असतो, जबड्यावरून, कानांवरून ओळखता येतो, असं या इटालियन डॉक्टरानं १८७६ साली मांडलं. इंग्रज सरकारनं तर त्याच्याही आधी, १८७१ च्या कायद्यानं, आख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या होत्या. तो कायदा १९५२ साली रद्द झाला. बेळगावात वकिली करताना मला तो अजून भेटतो.

खानापूरकडच्या एका गावात किराणा दुकानात चोरी झाली. गावाबाहेर पारध्यांची पालं होती, म्हणून रात्रीतच तिथला एक पोरगा उचलला. हिंडलगा जेलमध्ये भेटलो तेव्हा तो एवढंच विचारत होता, "बायकोला कुणी सांगितलं का?" कोर्टात मुद्देमाल म्हणून कुलूप आलं, लाखेचं सील, दोऱ्याला चिठ्ठी. पंचनाम्यात 'कुलूप तोडून'. हातात घेऊन बघितलं तर पितळेवर ओरखडासुद्धा नाही, कडी सरळ. किल्लीनं उघडलेलं! दुसरी किल्ली कुणाकडं असते, हे मालकाला कुणी विचारलंच नव्हतं. बोटांचे ठसे घेतले नव्हते. ज्या देशात १८९७ साली कलकत्त्याला ठशांचं कार्यालय निघालं, जिथं अझीझुल हक आणि हेमचंद्र बोस यांनी ठशांचं वर्गीकरण बसवलं (नाव झालं त्यांच्या वरिष्ठाचं, इंग्रज पोलीस अधिकारी हेन्रीसाहेबाचं), तिथं ही गत. पोरगा सुटला, तोवर पालं उठून गेली होती.

माझे मामा निवृत्त हवालदार. त्यांचं एकच, "तोंड बघितलं की कळतंय रे आम्हाला." मामा, नाही कळत. ज्यांच्यावर नजर ठेवता तेच सापडतात, बाकीचे साव ठरतात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ सदरलँडनं १९३९ साली अब्रूदार धंदेवाल्यांचे गुन्हे पुढं आणले ते याचसाठी. आणि "दोन लावल्या की बोलतात" याला बेकारिया या इटालियन विचारवंतानं १७६४ सालीच उत्तर दिलंय: मार सोसणारा दांडगा गुन्हेगार सुटतो आणि अशक्त निरपराधी कबूल होतो. शिक्षा कडक असण्यापेक्षा ती चुकणार नाही, हे महत्त्वाचं, हेही त्याचंच. तुम्ही त्याच्यापासूनच सुरुवात करा.

लोंब्रोसोनं पुढं सामाजिक कारणंही मानली, हे सांगायला हवं. सगळे पोलीसही सारखे नसतात. त्या खटल्यात कुलूप धडधाकट होतं हे उलटतपासणीत एका फौजदारानंच सरळ कबूल केलं, म्हणून तो पोरगा सुटला.