कात्री लपवून ठेव

प्रिय बेटा,
अनेक आशीर्वाद.

परवा तू आजोबांची पत्र्याची पेटी घेऊन आलीस आणि खुर्चीवर टेकायच्या आधीच विचारलंस, "काका, याचे किती येतील?" मी उत्तर टाळून तर्री-पोहे पुढे केले. आता सांगतो. वरच्या अल्बममधली बहुतेक तिकिटं बाजारात पुडक्याने मिळतात, त्यात जीव गुंतवू नकोस. पण तळाशी सुतळीने बांधलेला जो गठ्ठा आहे ना, पाकिटांचा आणि पावत्यांचा, त्याच्यासाठी हे पत्र. तो सोडू नकोस. कात्री तर घरात कुणाच्या हाती लागेल अशी ठेवूच नकोस.

तुझ्याहून लहान असताना मी एक पराक्रम केला होता. मामा मद्रासला नोकरीला होते, त्यांची १९४९-५० सालची पत्रं आजीने जपली होती. मी सगळ्या पाकिटांचे कोपरे कापले, बादलीत भिजवले, तिकिटं सोडवून वर्तमानपत्रावर वाळवली आणि उरलेली पाकिटं बंबात घातली. फार मोठं काम केलं असं वाटलं होतं! कित्येक वर्षांनी कळलं की १९४९ मध्ये रात्रीची विमान-टपाल सेवा सुरू झाली, तेव्हा मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास अशा चारही दिशांची विमानं मध्यरात्री नागपुरात उतरत, थैल्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या गावी परतत. म्हणजे आपण झोपलेलो असताना सोनेगावच्या विमानतळावर देशभराची डाक हात बदलत होती. मामांची पत्रं त्याच विमानाने आली होती का? ते शिक्क्यांवरून, तारखांवरून कळलं असतं. माझ्याकडे उरलाय तो दोन आण्यांच्या तिकिटावरचा नटराज, तोही स्वच्छ धुतलेला. तसे नटराज पैशाला पासरी आहेत.

तेव्हापासून मला सुंदर तिकिटांपेक्षा विचित्र तिकिटांचा नाद लागला. २००६ मध्ये आपल्या टपाल खात्याने चंदनाच्या वासाचं तिकीट काढलं, तेही आहे माझ्याकडे, पण ती मुद्दाम केलेली गंमत. मला आवडते ती अडचणीतून झालेली. दुसऱ्या महायुद्धात चिल्लर मिळेना, तेव्हा बुंदी, मोरवी अशा संस्थानांनी जाड कार्डावर तिकिटासारखी छपाई करून तीच नाणी म्हणून चालवली. (यांच्या नकला फार आहेत. कुणी 'घरातलं आहे' म्हणून गळ्यात मारू पाहिलं तर आधी मला दाखव.) १९७१ च्या नोव्हेंबरपासून बांगलादेशच्या निर्वासितांसाठी पत्रावर पाच पैशांचं जादा तिकीट लावावं लागे. छापील साठा सगळीकडे वेळेवर पोचला नाही, म्हणून ठिकठिकाणच्या पोस्टांत साध्याच तिकिटांवर रबरी शिक्के मारले. एकेका गावाचा शिक्का वेगळा. त्या काळातलं एखादं पाकीट तुझ्या गठ्ठ्यात नक्की निघेल.

आणि नांदगाव! म्हणजे आजचं राजनांदगाव, आपल्या शेजारचं. तेव्हा ते मध्य प्रांतातलं संस्थान, राज्य महंतांचं. १८९० च्या दशकात त्यांनी स्वतःची टपाल तिकिटं काढली. काहींवर 'एम.बी.डी.' अशी अक्षरं असतात, म्हणजे महंत बलराम दास. छपाई इतकी ओबडधोबड की लग्नपत्रिका छापणारासुद्धा नाक मुरडेल. मी मात्र भिंग घेऊन त्यांच्यासमोर तासन्‌तास बसतो.

सांभाळायचं म्हणशील तर चिमटा घे, बोटं लावू नकोस. आणि पेटी कूलरच्या खोलीत अजिबात ठेवू नकोस. उन्हाळ्यात त्या दमट हवेने गोंद सुटतो, पावसाळ्यात तिकिटं एकमेकांना चिकटतात. आपल्या गावात हौशी लोकांचे निम्मे संग्रह कूलरनेच खाल्लेत.

आता मुद्द्याची गोष्ट. त्या गठ्ठ्यात वरून तिसरी एक पिवळी पडलेली पावती मला दिसली. तिच्यावर व्हिक्टोरिया राणीचं डोकं असलेलं तिकीट आहे आणि ते खालून सरळ कापलेलं वाटतं. तू ते फाटकं म्हणून बाजूला सारलंस. पूर्वी तारेच्या तिकिटावर राणीची दोन मस्तकं छापत, एकाखाली एक. तार करताना ते मधोमध कापत. वरचा भाग पावतीवर लावून तार करणाऱ्याला देत, खालचा कचेरीच्या कागदावर राही. तुझ्याकडचं तेच असेल, तर शंभराहून जास्त वर्षांपूर्वी तुमच्या घरातून कुणीतरी कुठेतरी तार केली होती. पावतीवर काहीतरी लिहिलंय, शाई उडालीय. मला चष्म्यातून वाचता आलं नाही.

रविवारी सकाळी ये. गठ्ठा जसाच्या तसा आण. कूलर बंद ठेवीन.

तुझा,
काका