रत्नागिरीतल्या पहिल्या प्रीमॉडर्न रात्रीसाठी

मॅजिक द गॅदरिंग या कार्डांच्या खेळाच्या प्रीमॉडर्न प्रकारात १९९५ च्या फोर्थ एडिशनपासून २००३ च्या स्कर्जपर्यंतच्या संचांतलीच कार्डे चालतात, म्हणून किमान ६० कार्डांचा डेक (खेळायची गड्डी) आणि जास्तीत जास्त १५ कार्डांचा साइडबोर्ड (दोन डावांमध्ये बदलायची राखीव कार्डे) लावताना बंदी असलेल्या कार्डांची यादी आधी पाहून घ्यावी. नियम मात्र आजचेच असतात.

खरी काळजी आपल्या हवेची घ्या. पावसाळ्यातल्या दमटपणाने कार्डे, त्यातही फॉइलची म्हणजे चकाकत्या थराची, धनुष्यासारखी वाकतात आणि वाकलेले कार्ड पालथ्या गड्डीतही ओळखू येत असल्याने ते खुणेचे ठरते. माझे एक लाडके फॉइल पंचांनी याच कारणाने ऐन स्पर्धेत बदलायला लावले होते. त्यामुळे फॉइल शक्यतो टाळावीत, कार्डांना दुहेरी स्लीव्ह (प्लॅस्टिकची पारदर्शक पाकिटे) घालावेत आणि डब्यात सिलिका जेलची पुडी ठेवावी.