चारही विषय राहू द्या, पट्टा मात्र एकच धरा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कुडाळला राहून क्रीडा, प्रवास, चित्रपट आणि संस्कृती या चारही विषयांवर मुक्त लेखन करतो, पण बहुतेक ठिकाणांहून ‘सध्या जागा नाही’ एवढंच उत्तर येतं. एकच विषय धरावा का?

माझ्या मते नको. लेख परत येतात ते विषय जास्त म्हणून नव्हे. एक तर ते उशिरा पोचतात, नाहीतर मुंबईत बसूनही कुणी लिहू शकेल असे असतात. सिंधुदुर्ग-रत्नागिरी हा पट्टा धरा आणि आधी इथलं वर्ष कागदावर मांडा. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते, आणि पावसाळ्यात मालवणहून सिंधुदुर्ग किल्ल्यात जाणाऱ्या होड्याही बंद असतात. मग सिंधुदुर्ग किल्ल्यावरचा लेख मे सरताना छापून वाचकाने करायचं काय? वेळास-आंजर्ल्याला कासवांची पिल्लं पाहायचा मोसम मार्च-एप्रिलचा, तेव्हा लेख जानेवारीतच सुचवा. आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख तिथीवर ठरत नाही, देवीचा कौल घेऊन दरवर्षी वेगळी ठरते. तो मजकूर तयार ठेवा आणि तारीख जाहीर झाली त्याच दिवशी संपादकाला कळवा. पुरवणीसाठी पंधरा दिवस आधी, मासिकासाठी दोन महिने आधी आणि दिवाळी अंकासाठी आषाढाच्या आत, असा हिशेब ठेवला की बरेच नकार कमी होतात.

प्रवासलेखात हल्ली एक चूक सर्रास दिसते. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यात सिंधुदुर्ग, विजयदुर्ग, सुवर्णदुर्ग, खांदेरी आणि रायगड हे आपल्याकडचे. कातळशिल्पं (जांभ्या कातळावर कोरलेली प्राचीन चित्रं) मात्र २०२२ पासून फक्त संभाव्य यादीत आहेत. बारसू, कशेळी, उक्षी, देवीहसोळ, कुडोपी यांना ‘जागतिक वारसा स्थळ’ म्हटलं की जाणता संपादक पुढचं वाचतच नाही. सड्यावर, म्हणजे ही शिल्पं असलेल्या कातळाच्या पठारावर, जायला सकाळी लवकर किंवा उन्हं कलल्यावरची वेळ सांगा. तिरक्या उजेडात रेषा उठून दिसतात, डोक्यावर ऊन असलं की समोरचं शिल्पही नीट कळत नाही.

तुमचं खरं भांडवल दशावतार, इथलं रात्रभर चालणारं लोकनाट्य. बाहेरून येणारे ‘दहा अवतारांचं नाटक’ असं लिहून मोकळे होतात, आणि आख्यानात दहा अवतार नसतातच. आधी आडदशावतार: गणपती, रिद्धी-सिद्धी, सरस्वती, ब्रह्मदेव, मग काळ्या वेशातला संकासुर. त्यानंतर पुराणातलं आख्यान, आणि पहाटे दहीकाला. लिखित संहिता नसते. कथेचा सांगाडा ठरतो आणि संवाद रंगमंचावरच जुळतात. म्हणून एखादं वाक्य उद्धृत करायचं तर तिथल्या तिथे टिपा किंवा ध्वनिमुद्रण करा, दुसऱ्या रात्री तेच वाक्य ऐकू येईल याचा भरवसा नाही. पालखीची प्रदक्षिणा होण्याआधीच पोचा. रंगायची वेळ फार मोलाची असते: नट पेटाऱ्याशेजारी हातात आरसा धरून स्वतःच रंगतात, आणि दाढी घोटून आलेला माणूस बघता बघता पदर सावरून उभा राहतो. नंतर साध्या बाकड्याकडे बघा. तेच सिंहासन, तेच सगळं. राजा-देव प्रमाण मराठीत बोलतात आणि संकासुर मालवणीत. प्रेक्षक कुठल्या वाक्याला हसतात ते लिहा, लेख तिथे जिवंत होतो. पायपेटी, मृदंग, झांज वाजवणाऱ्यांशी बोलायचं तर आख्यान संपल्यावर, मध्ये नको.

फोटो काढताना फ्लॅश बंद. एलईडीच्या उजेडात शटरचा वेग १/२५० सेकंद ठेवला तर फोटोवर आडवे पट्टे उमटू शकतात, कारण आपली वीज ५० हर्ट्झची आणि स्वस्त दिवे सेकंदाला शंभरदा मिणमिणतात. १/१०० वर या, आयएसओ (कॅमेऱ्याची प्रकाश टिपायची क्षमता) ३२०० पर्यंत चढवा आणि नट थबकतो तो क्षण धरा.

कबड्डीबद्दल थोडंसं. गावच्या स्पर्धेचं वृत्त नुसत्या गुणसंख्येवर देऊ नका. लोण (समोरचा सगळा संघ बाद होणं) कितव्या मिनिटाला बसला, बोनस कुणी किती घेतले, मैदानावर तीन किंवा कमी खेळाडू उरले असताना किती पकडी झाल्या (नव्या नियमाने खेळत असतील तर त्यांचा एक जादा गुण मिळतो) हे वहीत मांडा. सामना तिथेच फिरतो. नियम कुठले लावलेत ते आधी पंचांना विचारा.

चित्रपटाच्या परीक्षणात तुम्ही मुंबईशी वेगात जिंकणार नाही, कारण तिथे समीक्षकांना खास खेळ आधीच दाखवलेला असतो. त्यापेक्षा कोकणात घडणाऱ्या चित्रपटाची बोली, घरं, ऋतू तपासा. संगमेश्वरी बोलणाऱ्या गावातल्या माणसाच्या तोंडी मालवणीतलं ‘माका-तुका’ घातलेलं असतं, किंवा भरपावसात अंगणात सुपाऱ्या वाळत असतात. हे इथल्याच माणसाला दिसतं.

आता पैशाचं, कारण तिथेच नुकसान जास्त होतं. तुम्ही पगारी नोकर नाही, त्यामुळे लेखाचा पहिला हक्क तुमचाच. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क द्यायचा तर तो लेखी लागतो; मुदत लिहिली नसेल तर पाच वर्षं आणि प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. म्हणून ईमेलमध्ये एक ओळ टाकाच: ‘एकदा छापण्याचा आणि संकेतस्थळावर ठेवण्याचा हक्क, बाकी लेखकाकडे.’ शब्दमर्यादा, मानधन, ते छापल्यावर किती दिवसांत मिळेल आणि फोटोंचे पैसे वेगळे का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारा. मानधनातून कर कापला असेल तर ती नोंद आयकराच्या संकेतस्थळावर दिसते का ते तपासा.

मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा, पण सोबत पीडीएफही जोडा. अनेक छापखाने अजून जुन्या फाँटवर काम करतात, आणि रूपांतरात रफार आणि जोडाक्षरं हमखास बिघडतात. पीडीएफ असली की मुद्रितशोधकाला मूळ शब्द ताडून पाहता येतो. फोटो व्हॉट्सअॅपवर पाठवू नका, दाबले जाऊन छपाईला निकामी होतात. मूळ फाइल ड्राइव्हवर टाका आणि प्रत्येक फाइलच्या नावात गाव, तारीख आणि फोटोतल्या कलावंताची भूमिका लिहा.