आधीच्या दोन पार्ट्यांचं काय करायचं?

अगं आधी पाणी पी आणि जरा टेक. तू लिहिलंयस की काल टेस्ट पॉझिटिव्ह आली, डॉक्टरांच्या हिशोबाने ६ आठवडे झालेत, तीन आठवड्यांपूर्वी एका पार्टीत दोन ग्लास वाइन झाली होती, मग १२ दिवसांपूर्वी परत दोन, आणि आता रात्रभर मोबाइलवर वाचून वाचून झोप उडालीये. वर जाऊबाई म्हणतात थोडी रेड वाइन चालते, रक्त वाढतं. जाऊबाईंकडे नंतर येते.

आधी तारखा लाव, कारण गोंधळ इथेच होतो. आठवडे मोजतात ते शेवटच्या पाळीच्या पहिल्या दिवसापासून, म्हणजे त्यातले पहिले दोन आठवडे पोटात कुणी नसतंच. तुझे ६ म्हणजे गर्भ राहून साधारण ४. पहिल्या पार्टीला जेमतेम आठवडा झाला असेल, गर्भ तेव्हा नुकता रुजत होता. दुसरी पार्टी मात्र रुजल्यानंतरची, तिथे 'काही झालं नसणार' असं मी छातीठोक सांगणार नाही, आणि कुणी सांगत असेल तर तो थापा मारतोय. पण एकदा दोन ग्लास आणि रोजचं पिणं किंवा एका बैठकीत चार-पाच पेग यात खूप फरक आहे, प्रमाण वाढेल तसा धोका वाढतो. बाळाचा मेंदू पूर्ण नऊ महिने घडत असतो, त्यातले जवळजवळ आठ अजून तुझ्या हातात आहेत. काहीजणी घाबरून थेट पाडायच्याच गोष्टी करायला लागतात, तसलं काही ठरवायच्या आधी डॉक्टरांशी बोल, बाई.

आता थांबायचं म्हणजे पूर्णच का, 'कमी केली' का चालत नाही? कारण वार (प्लासेंटा) ही काही गाळणी नाही. तू घेतलेलं अल्कोहोल थोड्याच वेळात बाळाच्या रक्तात उतरतं, जवळपास तुझ्याइतक्याच प्रमाणात. तुझं लिव्हर ते हळूहळू संपवतं, त्याचं लिव्हर अजून त्या कामाचं नाही. पुढे पुढे तर ते गर्भजलात उतरतं आणि तेच पाणी बाळ गिळत असतं, म्हणजे तुझी उतरली तरी त्याची चालूच. वाइन, बियर, व्होडका सगळ्यात अल्कोहोल (इथेनॉल) एकच. ३५० मिली बियर, १५० मिली वाइन आणि ४५ मिली व्हिस्की यात ते साधारण सारखंच असतं, त्यामुळे 'मी फक्त बियरच घेते' याला अर्थ नाही. अमुक इतकी चालते अशी सुरक्षित मात्रा आजवर कुणाला ठरवता आलेली नाही, म्हणून शून्य.

जाऊबाई (किंवा कुणीही मोठं माणूस) असं का म्हणतात तेही सांगते, त्यांना मूर्ख समजू नकोस. १९६० च्या दशकात मुदतीआधी कळा सुरू झाल्या तर त्या थांबवायला डॉक्टर स्वतः बायकांना शिरेतून अल्कोहोल द्यायचे, सलाइनसारखं! फ्रान्समध्ये १९६८ मध्ये लेमोआन या डॉक्टरांनी दारू पिणाऱ्या आयांच्या मुलांबद्दल लिहिलं, पण फार कुणी लक्ष दिलं नाही. मग १९७३ मध्ये सिएटलच्या जोन्स आणि स्मिथ या डॉक्टरांनी आईच्या पिण्यामुळे पोटातल्या बाळात राहणाऱ्या दोषांना फीटल अल्कोहोल सिंड्रोम असं नाव दिलं तेव्हा कुठे जग जागं झालं. ब्रिटनमध्ये तर २०१६ पर्यंत आठवड्याला एक-दोनदा एक-दोन युनिटची (एक युनिट म्हणजे १० मिली शुद्ध अल्कोहोल) मर्यादा सांगत होते, मग तेही सरळ 'नकोच' वर आले. त्यामुळे 'आमच्या वेळी' खरंच वेगळं होतं. रक्त वाढायला वाइन नाही, तपासणी करून दिलेली लोहाची गोळी लागते.

'अमकीने घेतली होती, तिचा मुलगा टॉपर आहे' हेही ऐकशील. असेल ना. जुळ्यांमध्ये, तीच आई, तेच पिणं, तरी एका मुलावर जास्त परिणाम आणि दुसऱ्यावर कमी असं झालेलं आहे. आपण कुठल्या बाजूला हे आधी कळत नाही. आणि सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून निर्धास्त होऊ नकोस, लक्ष न लागणं, गणित न जमणं, आततायीपणा या गोष्टी स्क्रीनवर दिसत नाहीत, शाळेत दिसतात.

आता माझं. पहिल्या वेळी फॉर्म भरताना नर्सने विचारलं 'ड्रिंक्स?' आणि शेजारी सासूबाई बसलेल्या. मी पटकन 'नाही' म्हटलं, तिने टिक केलं, विषय संपला. माझाही पाळी चुकायच्या आधीचा एक वीकेंड होता! पुढचे पंधरा दिवस ती टिक डोक्यात खुपत राहिली. शेवटी आज जाते, उद्या जाते म्हणता म्हणता तिसऱ्या आठवड्यात एकटी गेले आणि डॉक्टरांना किती, कधी, सगळं सांगितलं. त्यांनी कपाळाला आठी पण नाही घातली, फाइलमध्ये एक ओळ लिहिली आणि फॉलिक अ‍ॅसिड चालू आहे ना विचारलं. बस. तेव्हा तूही तारीख आणि ग्लास लिहून ने, एकटीच जा.

किरकोळ गोष्टी पटापट. खोकल्याच्या काही औषधांत आणि टॉनिकांत अल्कोहोल असतं, लेबल बघ, केमिस्टला विचार. 'नॉन-अल्कोहोलिक' बियरमध्येही ०.५ टक्क्यापर्यंत असू शकतं, मी नाही घेतली. स्वयंपाकात घातलेली वाइन 'उडून जाते' हे अर्धसत्य, १५ मिनिटं शिजवल्यावरही साधारण ४० टक्के उरते. सॅनिटायझर हाताला लावलंस तर घाबरू नकोस, तेवढं वेड नको. आणि हे वाचणाऱ्या कुणाची रोजची सवय असेल, न घेता हात थरथरत असतील, तर तिने एकदम बंद करायचं नाही, त्याने फिट येऊ शकते, आधी डॉक्टर, ते हळूहळू सोडवतात.

राहिली पुढच्या शनिवारची पार्टी, जिथे तुला अजून कुणाला सांगायचं नाहीये. अँटिबायोटिक चालू आहे हे कारण सगळ्यात भारी, कुणी दुसरा प्रश्न विचारत नाही. मी तर पोचल्या पोचल्या स्वतःच बारवर जाऊन सोडा, लिंबू, बर्फ त्याच उंच ग्लासात घ्यायचे आणि तो अर्धा भरलेलाच ठेवायचे, कारण रिकामा ग्लास दिसला की लोक आग्रहाला येतात. नवऱ्याला आधीच सांगून ठेव, नाहीतर माझ्या त्याने जसं सगळ्यांसमोर 'अगं आज फक्त सोडा?' असं विचारलं तसं होईल.