ब्रिटिश खासदाराला निवृत्त व्हायचं असेल तर मुदतीआधी राजीनामा देता येतो का? शेवटच्या महिन्यांत तो काय काम करतो?

थेट राजीनामा देता येत नाही. हाउस ऑफ कॉमन्सने 1624 साली तसा ठराव केला आणि तो आजही पाळला जातो. मुदतीआधी जायचंच असेल तर अर्थमंत्र्यांकडे चिल्टर्न हंड्रेड्स किंवा मॅनर ऑफ नॉर्थस्टेड या दोन नाममात्र सरकारी पदांपैकी एक मागायचं. असं पद घेणाऱ्याला 1975 च्या अपात्रता कायद्याने खासदार राहता येत नाही, म्हणून नेमणूक झाली की जागा रिकामी होते आणि पोटनिवडणूक लागते. बहुतेक जण मात्र पुढच्या निवडणुकीला उभे राहत नाहीत, एवढंच. त्यांची खासदारकी मतदानाला नव्हे, संसद विसर्जित होताच संपते: 2024 मध्ये विसर्जन 30 मेला झालं, मतदान 4 जुलैला.

शेवटच्या महिन्यांतलं खरं काम मतदारसंघातल्या कार्यालयात असतं. व्हिसा, घर, भत्ते अशा तक्रारींच्या फायली नव्या खासदाराकडे सरसकट सोपवता येत नाहीत. त्या माहितीला कायद्याने तो खासदार स्वतः जबाबदार असतो, म्हणून प्रत्येक तक्रारदाराची संमती आधी घ्यावी लागते. संमती मागणारी पत्रं वेळेत गेली नाहीत तर गृहखात्यात अडकलेल्या माणसाला नव्या खासदाराकडे सगळं पहिल्यापासून सांगावं लागतं. हे फार वाईट. कर्मचारीही खासदाराचेच नोकर, त्यामुळे त्यांना नोकरी संपल्याची नोटीस त्यानेच द्यायची.

एक लक्षात ठेवा: पुन्हा उभं राहून हरलेल्याला पद गेल्याची भरपाई मिळू शकते, स्वतःहून थांबणाऱ्याला ती नाही.